सह्यांचा गृहपाठ

विषय

ड्राफ्टसाहेबांना इंग्रजी येतं, याबद्दल ऑफिसात, बिल्डिंगमध्ये आणि सासुरवाडीत कुणाचंही दुमत नव्हतं. ज्या गोष्टीबद्दल सासुरवाडीतसुद्धा दुमत नसतं, तिच्यात कुठेतरी पाणी मुरत असतं, हे शहाण्या माणसाने ओळखावं. ड्राफ्टसाहेब शहाणे होते. पण ते शहाणपण त्यांनी फायलींसाठी राखून ठेवलं होतं.

लेकीने मुलगा पसंत केला होता. मुलगा चांगला, नोकरी चांगली, फक्त भाषा वेगळी. त्याची आई डोळ्यांची डॉक्टर. तिला मराठी येत नव्हतं आणि इकडे कुणाला तिची भाषा येत नव्हती.

"बाबा, त्यांचं म्हणणं एवढंच आहे," लेक म्हणाली, "की त्यांना तुमच्याशी स्वतः बोलायचंय. ज्या घरात मला दुभाष्या मध्ये घालून बोलावं लागेल, तिथे सोयरीक नको, असं म्हणतात. साधं इंग्रजी चालेल म्हणाल्या. पुढच्या महिन्यात येतील चहाला."

"साधं?" ड्राफ्टसाहेब हसले. "साधं कशाला? मी आहे ना."

"तुम्ही आहात म्हणूनच ती विचारतेय," आतून बायकोचा आवाज आला.

संदर्भ

ड्राफ्टसाहेब पाणीपुरवठा खात्यात होते. खात्याचं एकही इंग्रजी पत्र त्यांनी ड्राफ्ट केल्याशिवाय बाहेर पडत नसे. नळाला पाणी येणार नाही, ही गोष्ट ते अशा इंग्रजीत कळवत, की तक्रारदार पाणी विसरून पत्राला काच बसवून घेण्याचा विचार करी.

मात्र या इंग्रजीत माणूस नव्हता. त्यात कुणी काही करत नसे, सगळं आपोआप केलं जाई. पाणी सोडलं जाई, पाणी तोडलं जाई आणि शेवटी खेद व्यक्त केला जाई. खेद नक्की कुणाला झाला, हे उभ्या नोकरीत कुणी विचारलं नव्हतं. स्वतःचा उल्लेख करायची वेळ आलीच, तर 'द अंडरसाइन्ड'. म्हणजे खाली सही करणारा. 'आय' म्हणून छाती पुढे काढायची नाही, 'यू' म्हणून कुणाच्या अंगावर जायचं नाही. सभ्य इंग्रजी होतं ते. पगार त्याच्यावरच चालू होता.

तालीम करावी म्हणून त्यांनी दार लावून घेतलं आणि रिकाम्या खुर्चीत मुलाची आई बसली आहे असं धरून तोंड उघडलं. "या, बसा" एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "द व्हिजिटर इज हिअरबाय डायरेक्टेड टु बी सीटेड."

खुर्चीसुद्धा अवघडल्यासारखी दिसली.

उपरोक्त विषयास अनुसरून शेजाऱ्यांनी दिलेले सल्ले

ड्राफ्टसाहेबांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं.

तळमजल्यावरचे शिंपीकाका म्हणाले, कपडे इंग्रजी शिवून घ्या, माणूस आपोआप तसा बोलतो. समोरच्या वहिनी म्हणाल्या, घाबरू नका, प्रत्येक वाक्यानंतर हसायचं, समोरच्याला वाटतं आपल्यालाच कळलं नाही. वरच्या मजल्यावर टाकीखाली राहणारे, आणि म्हणून टाकीवाले काका म्हणून ओळखले जाणारे, एक गृहस्थ होते. त्यांच्या छतातून वर्षभर पाणी ठिबकत असे. त्यांचा सल्ला सर्वांत शास्त्रीय होता.

"इंग्रजी घशातून येत नाही, नाकातून येतं. माझा मेव्हणा परदेशी गेला तेव्हा त्याला सर्दी होती. लोकांना वाटलं, तिथलाच आहे."

ड्राफ्टसाहेबांनी सर्दी होण्याची दोन दिवस वाट पाहिली. मग क्लास लावला.

क्लास

क्लास एका लाँड्रीच्या वर होता. खालच्या इस्त्रीची वाफ फरशीतून वर येई, त्यामुळे विद्यार्थी थोड्याच वेळात मऊ पडत आणि शिकवायला सोपे जात. शिकवणाऱ्या मिस ड्राफ्टसाहेबांच्या लेकीच्या वयाच्या होत्या. प्रवेशासाठी एकच प्रश्न लेखी सोडवायचा होता: हाऊ आर यू?

ड्राफ्टसाहेबांनी कागद आडवा घेतला, डावीकडे समास सोडला आणि लिहिलं: 'विथ रेफरन्स टु द अबव्ह क्वेरी, इट इज टु बी स्टेटेड दॅट द हेल्थ ऑफ द अंडरसाइन्ड इज सॅटिस्फॅक्टरी.'

मिसनी ते दोनदा वाचलं. "काका, यात तुम्ही कुठे आहात?"

"हा काय," ड्राफ्टसाहेबांनी पेन्सिलीने दाखवलं. "अंडरसाइन्ड. खाली."

त्यांना बिगिनर बॅचमध्ये घातलं गेलं. बाकावर एका बाजूला टॅक्सी चालवणारा, दुसऱ्या बाजूला पार्लरवाली. दोघंही ड्राफ्टसाहेबांचं अक्षर बघून हरखले आणि त्यांना तोंडाने बोलताना ऐकून निर्धास्त झाले.

मिसची पद्धत सोपी होती. एक क्रियापद घ्यायचं, त्याच्यापुढे एक सर्वनाम टेकवायचं, त्याच्यामागून एक विशेषण सोडायचं. मेक मी हॅपी. कीप इट क्लीन. गेट देम रेडी. एवढ्यावर जग चालतं, असं मिसचं म्हणणं. "बघा, किती हलकं आहे. तिन्ही डबे जोडले की गाडी सुटली."

आणि गृहपाठ? दर आठवड्याला एक वाक्य निवडायचं, ते दहा खऱ्या माणसांना तोंडावर म्हणून दाखवायचं आणि पुरावा म्हणून प्रत्येकाची सही आणायची.

इथे मिसची चूक झाली. सही हा शब्द ड्राफ्टसाहेबांपुढे उच्चारायला नको होता.

टॅक्सीवाल्याने सह्या विडीच्या पाकिटावर घेतल्या. पार्लरवालीने हातावर घेतल्या. ड्राफ्टसाहेबांनी रकाने आखले: अनुक्रमांक, नाव, मजला, सही, शेरा. वर ठळक अक्षरांत त्या आठवड्याचं वाक्य. खाली कार्बन लावून दुसरी प्रत, ऑफिस कॉपी म्हणून.

कार्यवाही

पहिल्या आठवड्याचं वाक्य 'मेक मी हॅपी'. ड्राफ्टसाहेब वॉचमनसमोर उभे राहिले, खाकरले, वाक्य म्हणाले आणि कागद पुढे केला.

"साहेब, वाक्य छान आहे," वॉचमन म्हणाला, "पण सेक्रेटरींनी सांगितलंय, विचारल्याशिवाय कशावर सही करायची नाही."

सेक्रेटरी म्हणजे सोसायटीचे. त्यांची गाडी जिन्याच्या तोंडाशी आडवी उभी असे, लोक तिला वळसा घालून आपापल्या घरी जात, आणि कुठल्याही तक्रारीवर त्यांचं एकच उत्तर असे, "लेखी द्या." ड्राफ्टसाहेबांनी लेखी दिलं. वॉचमनची सही मिळण्यास परवानगी असावी, असा तीन परिच्छेदांचा इंग्रजी अर्ज. सेक्रेटरींनी तो चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला. त्यांना त्यातला 'सिग्नेचर' हा एकच शब्द लागला, आणि तो त्यांना आवडला नाही.

"विचार करून कळवतो," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून ड्राफ्टसाहेब दिसले की विचार करू लागले.

दुसऱ्या आठवड्यात 'मेक इट शॉर्ट'. हे वाक्य ड्राफ्टसाहेब सलूनवाल्याला म्हणायला गेले. केस कापायचे नव्हते, नुकतेच कापले होते. फक्त सही हवी होती. पण गिऱ्हाईक खुर्चीत बसलं आणि त्याने वाक्य म्हटलं की सलूनवाल्याचा हात थांबत नाही. 'थांब' हे इंग्रजीत आठवेपर्यंत डोक्याचा मागचा भाग उरकला होता, आणि मराठीत म्हणणं नियमात बसत नव्हतं. सलूनवाल्याने सही मात्र झोकात केली. शेऱ्यात लिहिलं, 'पुन्हा या.'

"हे काय?" बायकोने दारातच विचारलं.

"अभ्यास."

"पुढच्या आठवड्यात कानाचा धडा नाही ना?"

तिसऱ्या आठवड्यात ऑफिसात शिपायाला 'गेट देम रेडी' म्हणून झालं. शिपायाने मान डोलावली, सही केली, आणि काय तयार ठेवायचं हे विचारणं बरं दिसणार नाही म्हणून तळघरातल्या रेकॉर्डरूममधल्या सगळ्या जुन्या फायली वर आणून साहेबांच्या टेबलावर, खुर्चीवर आणि खिडकीत रचल्या. दोन दिवस ड्राफ्टसाहेब स्वतःच्या टेबलापलीकडे उभं राहून काम करत होते. वरिष्ठ येऊन बघून गेले आणि म्हणाले, या वयात एवढा उत्साह कौतुकास्पद आहे.

चौथा आठवडा. सर्वनाम 'हिम', क्रियापद 'फाइंड', विशेषणं निवडीला चार: ऑनेस्ट, क्लेव्हर, रूड, लेझी. ड्राफ्टसाहेबांनी प्रकरण गुणवत्तेवर तपासलं. प्रामाणिक म्हटलं तर चौकशी लागते. हुशार म्हटलं तर बदली होते. उद्धट म्हटलं तर अब्रूनुकसानी. आळशी म्हटल्याने मात्र खात्यात आजवर कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. आणि 'आय' म्हणायला अजून जीभ रेटत नव्हती, म्हणून ऑफिसच्या सवयीने 'वुई'. कागदाच्या माथ्यावर आलं: 'वुई फाइंड हिम लेझी.'

संध्याकाळी ते टाकीवाल्या काकांकडे गेले. काका बादली धरून छताखाली बसले होते.

"वुई फाइंड हिम लेझी," ड्राफ्टसाहेब म्हणाले. "प्लीज साइन."

काकांनी छताकडे पाहिलं. मग खिडकीतून खाली, जिन्याच्या तोंडाशी आडव्या उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं. मग ड्राफ्टसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. "कुणीतरी उभं राहायला हवंच होतं," ते म्हणाले आणि इतक्या जोरात सही केली की ती ऑफिस कॉपीतून खालच्या वर्तमानपत्रावर उमटली.

वहिनींनी सही करून सासूबाईंना हाक मारली. शिंपीकाकांनी सही केली आणि कारागिरांची नावंही घालू का, असं विचारलं. दहा सह्या तासाभरात झाल्या. दुसऱ्या दिवशी लोक आपणहून जिना चढून येऊ लागले. ड्राफ्टसाहेबांनी पुरवण्या जोडल्या. त्यांना कृतकृत्य वाटत होतं. आपल्या उच्चारांत काहीतरी आहे, असं ते बायकोला म्हणाले.

"अहो, लोक तीन मजले चढून तुमचे उच्चार ऐकायला येतात, असं तुम्हाला खरंच वाटतं?"

"मग कशाला येतात?"

"मला काय माहीत. पण मघाशी कोपऱ्यावरच्या भाडेकरूने सही केली आणि जाताना मूठ वर करून गेला. इंग्रजी शिकून मूठ वर जाते का कुणाची?"

ड्राफ्टसाहेबांना या बोलण्यात मत्सराचा वास आला.

शनिवारी फलकावर नोटीस लागली. काही सभासदांनी चालवलेल्या सह्यांच्या मोहिमेबाबत रविवारी सायंकाळी तातडीची सभा. ड्राफ्टसाहेबांनी ती वाचली, त्यातला एक स्वल्पविराम मनात दुरुस्त केला आणि असल्या भानगडी कोण करतं कोण जाणे, असं म्हणत वर आले. त्यांचं लक्ष रविवारकडे लागलं होतं. मुलाची आई रविवारीच येणार होती.

सभा

सभेचं ठिकाण नोटिशीत लिहायचं राहून गेलं होतं. मंडळींनी विचार केला, पुढारी जिथे, सभा तिथे. रविवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली म्हणून ड्राफ्टसाहेब नवा शर्ट घालून, चेहऱ्यावर 'या, बसा'ची तयारी करून दार उघडतात, तर समोर अख्खी बिल्डिंग. टाकीवाले काका बादलीसकट. पुरावा म्हणून.

"काळजी करू नका," काका आत येत म्हणाले. "आम्ही तुमच्या मागे आहोत."

प्रत्यक्षात ते पुढे होते. सोफा भरला, पलंग भरला, खिडकीचा कट्टा भरला. बायको चहाच्या आधणात पाणी वाढवत राहिली. लेक ट्रे धरून दारात थिजली. "बाबा, ही काय गर्दी? त्या खाली आल्यात."

त्या वरही आल्या. मुलगा मागे. बाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, रबरी तळव्यांच्या बुटांत. आवाज न करता आल्या आणि रांगेत उभ्या असल्यासारख्या सरकत आतपर्यंत पोचल्या. काकांनी उठून त्यांना जागा दिली.

"या ताई. तुम्ही कितव्या मजल्यावरच्या? घ्या, सही करा," आणि ड्राफ्टसाहेबांच्या खिशातलं पेन काढून, टेबलावरच्या सह्यांच्या कागदासकट त्यांच्या हातात दिलं.

डोळ्यांच्या डॉक्टरच त्या. हातात आलेला कागद वाचल्याशिवाय सोडणार नव्हत्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी स्वच्छ आवाजात वाचलं, "वुई फाइंड हिम लेझी." मग खाली पसरलेल्या त्या सगळ्या सह्या पाहिल्या. मग खोलीतली सगळी माणसं पाहिली. "हू इज ही?"

"मलाही तेच विचारायचंय," दारातून सेक्रेटरी म्हणाले. ते मघापासून खाली पार्किंगमध्ये रिकाम्या खुर्च्या मांडून सभेची वाट बघत होते. "नाव सांगा. आणि लेखी द्या."

 टाकीवाले काका बादलीत काहीतरी शोधू लागले. शिंपीकाकांना स्वतःच्या बाहीचा एक सुटलेला धागा सापडला. वहिनी प्रत्येक वाक्यानंतर हसायचं या आपल्याच नियमाप्रमाणे हसल्या, पण वाक्यच नव्हतं. मग एकेक करत सगळ्यांचे डोळे ड्राफ्टसाहेबांकडे वळले, आणि आपल्या घरात काय शिजत होतं, हे ड्राफ्टसाहेबांच्या डोक्यात आत्ता कुठे लख्ख झालं.

सेक्रेटरींचं नाव घ्यावं, तर भांडखोर घर म्हणून बाई चहा न घेता उठणार. खरं सांगावं, तर लाँड्रीवरचा क्लास, बिगिनर बॅच, टॅक्सीवाल्याशेजारचा बाक, सगळं बाहेर येणार. इतक्या वर्षांची इभ्रत, सासुरवाडीसकट, बुडणार. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती.

ड्राफ्टसाहेबांचा हात सवयीने खिशाकडे गेला. पेन नव्हतं. पेन बाईंच्या हातात होतं.

"इट इज टु बी स्टेटेड," त्यांनी सुरुवात केली आणि तिथेच अडले. काय स्टेट करायचं, ते लिहून काढल्याशिवाय त्यांना कधीच कळलं नव्हतं.

"आय," ते म्हणाले. थांबले. पुन्हा म्हणाले, "आय. मी. आय गो क्लास. बिगिनर. धिस, होमवर्क. दे साइन. दे गुड." घाम पुसला. "आय नो बिग इंग्लिश. स्मॉल इंग्लिश, नो. स्मॉल इंग्लिश मेक मी अफ्रेड."

 बाई कागदाकडे आणि कागदाच्या मालकाकडे आळीपाळीने बघत होत्या.

खोलीतल्या बाकीच्यांना मध्ये एकच शब्द लागला होता. "होमवर्क?" वहिनी म्हणाल्या. "म्हणजे आम्ही तुमच्या गृहपाठावर सह्या केल्या?"

"आणि टाकीचं काय?" काका म्हणाले.

सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा रक्त आलं. पण ते नियमाचे पक्के. "सह्या बहुमताच्या आहेत. बहुमताच्या सह्या आल्या की सभा होते, आणि सभा झाली की ठराव लागतो. आता कुणीतरी आळशी आहे असा ठराव झाल्याशिवाय मला सभा संपवता येणार नाही. आहे कुणी तयार?"

"मांडा माझ्या नावाने," ड्राफ्टसाहेब म्हणाले.

"अनुमोदन?"

पहिला हात बायकोचा वर आला. चहाच्या गाळणीसकट. मग सगळ्यांचे आले. ठराव एकमताने मंजूर झाला. तेवढ्यात काकांनी त्यातच टाकीची दुरुस्ती घुसवली आणि सेक्रेटरींनी सुटकेच्या भरात तीही मान्य केली.

सोसायटीचे ठराव इंग्रजीत लिहायची पद्धत होती, म्हणजे मग ते कुणी वाचत नसे. आणि लिहिणारा माणूस एकच होता. ड्राफ्टसाहेबांनी बाईंकडून पेन परत मागून घेतलं, समास सोडला आणि बसल्या बैठकीत, एकही शब्द न खोडता, सदर सभासद आळशी असल्याचं सर्वानुमते मान्य करण्यात येत असून त्याबाबत अंडरसाइन्डची कोणतीही हरकत नसल्याचं नोंदवून टाकलं. दोन पोटकलमं टाकीची. लिहिताना त्यांचा कणा सरळ झाला, चेहऱ्यावर तजेला आला. मंडळी सह्या करून पांगली. काका जाताना बादली विसरले.

बाईंनी ठराव मागून घेतला. पुष्कळ वेळ वाचला. एका ओळीखाली नख ठेवून मुलाला दाखवली. ड्राफ्टसाहेबांनी नम्रपणे जमिनीकडे पाहिलं. आपलं कसब योग्य ठिकाणी पोचलं होतं. मग बाईंनी ठराव बाजूला ठेवला, गृहपाठाचा कागद जवळ ओढला आणि सगळ्यांच्या खाली, कुणालाही वाचता येणार नाही अशी डॉक्टरी सही केली. आणि लेकीला भराभर इंग्रजीत काहीतरी सांगितलं.

लेकीने ओठ चावला. "बाबा, त्या म्हणतात, तुम्ही लिहिता न्यायाधीशासारखं. आणि बोलता त्यांच्या मुलासारखं. तो दोन वर्षांचा होता तेव्हाच्या."

ड्राफ्टसाहेबांना हे लागलं. चाळीस शब्दांचं एक सौजन्यपूर्ण खंडन त्यांच्या मनात तयार होऊ लागलं.

"मग सोयरीक कुणाशी करायची म्हणतात?" बायकोने कप पुढे करत विचारलं. "विचार त्यांना. घरात दोघंही आहेत."

लेकीने विचारलं. बाई हसल्या, खुर्ची पुढे ओढून ड्राफ्टसाहेबांच्या समोर बसल्या, आणि त्यांच्याकडेच बघत एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "जज मेक्स मी नर्व्हस. धिस वन, आय लाइक."

हे कुणी मराठीत सांगायची गरज पडली नाही. ड्राफ्टसाहेब उठले, शर्ट खाली ओढला, घसा साफ केला आणि होऊ घातलेल्या विहिणीच्या स्वागतपर दोन शब्द बोलण्यासाठी हवा आत घेतली.

बायकोने त्यांच्या हातात बिस्कीट दिलं.

"आता अवाक्षर काढू नका," ती हळूच म्हणाली. "होकार आलाय."